सिॲटलची काचेची बाग आणि आमचे बाबा

"काच बघायला पैसे द्यायचे?" बाबांनी विचारलं, आणि तो विषय तिथेच संपला. निदान ऑगस्टपर्यंत तरी.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे सिॲटलला आले. पाच महिने राहिले. बडोद्याहून परदेशी आलेल्या सगळ्या आई-बाबांचं जे होतं तेच त्यांचंही झालं. पहिले पंधरा दिवस कौतुक, मग "इथे रस्त्यावर माणसं का दिसत नाहीत," मग आईने आजूबाजूच्या चार गुजराती बायका शोधून काढल्या आणि गाडी रुळावर आली. आम्ही त्यांना सगळं दाखवलं. पाइक प्लेस मार्केटमध्ये मासे फेकतात ते, माउंट रेनिअरवरचा बर्फ, विमानं बनवण्याचा कारखाना. राहिली होती ती एकच जागा, 'चिहुली गार्डन अँड ग्लास'. स्पेस नीडल नावाचा जो उंच मनोरा सिॲटलच्या प्रत्येक फोटोत असतो, त्याच्या अगदी पायथ्याशी ही काचेच्या शिल्पांची बाग आहे.

बाबा का नको म्हणत होते ते सांगायला हवं. बाबांनी पस्तीस वर्षं एका काचकारखान्यात काढली. पेले, बरण्या, कंदिलाच्या चिमण्या, बाटल्या. आमच्याकडे नवीन पेला आला की बाबा आधी तो उजेडात धरून फिरवणार, बारीक बुडबुडे बघणार, तळ उलटा करून साच्याची रेघ तपासणार आणि मगच त्यात पाणी पिणार. लग्नाला गेले तरी हेच. आई वैतागायची. त्यांचे उस्ताद कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीहून बडोद्याला आलेले. ओगल्यांचा काचकारखाना १९१६चा, आणि तिथला प्रभाकर कंदील आपल्या सगळ्यांच्या आजोळी कुठे ना कुठे टांगलेला असायचाच. बाबांच्या लेखी ते उस्ताद म्हणजे विद्यापीठ. बाबा आधी फुंकणीवर होते, म्हणजे लोखंडी नळीने काच फुगवायचं काम. मी सातवीत असताना ते सुपरवायझर झाले. आईने दांडिया बाजारातल्या आमच्या सगळ्या ओळखीत पेढे वाटले होते, ते मला पक्कं आठवतंय, कारण पुडे घेऊन सायकलवर मीच फिरलो होतो. त्या दिवसापासून बाबा पांढरा शर्ट घालून कामाला जायला लागले.

तर अशा माणसाला काच दाखवायला न्यायचं. सप्टेंबरात त्यांच्या परतीला तीन आठवडे उरले तेव्हा माझ्या लेकीने हट्ट धरला. ती सहा वर्षांची आहे, शाळेतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की तिथे काचेचे ऑक्टोपस आहेत. नातीपुढे बाबांचं काही चालत नाही.

शनिवारी दुपारी वेस्टलेकहून मोनोरेल पकडली. ही मोनोरेल आणि तो मनोरा दोन्ही १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले. प्रवास जेमतेम दोन मिनिटांचा, पण बाबांना तीच फार आवडली. खिडकीपाशी बसून रूळ कुठल्या खांबावर कसा टेकवलाय ते बघत होते. सिॲटल सेंटरच्या मोठ्या कारंज्याशेजारी हिरवळीवर बसून आईने आणलेली ढेबरी आणि छुंदा खाल्ला. मग तिकिटांच्या खिडकीशी बाबांनी रक्कम वाचली, मनात गुणाकार केला आणि तोंडाने काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ही बाग २०१२ साली उघडली. त्याआधी इथे मुलांच्या पाळण्यांची आणि खेळांची जत्रा होती. डेल चिहुली हा काचकलावंत इथलाच, जवळच्या टकोमा गावात १९४१ साली जन्मलेला. आधी आत आठ दालनं आहेत, मग एक काचघर आणि मग बाहेर बाग. दालनं अंधारी आहेत, भिंती काळ्या, आणि उजेड फक्त काचेवर. लेकीचे ऑक्टोपस समुद्राच्या दालनात निघाले. एक उंच निळा खांब, लाटांसारखा वेटोळ्यांचा, आणि त्यात मासे, शिंपले, तारामासे. ती तिथून हलायला तयार नव्हती. पुढे एका दालनाचं छतच काचेचं आहे. वर शेकडो रंगीत थाळ्या आणि शिंपले एकमेकांवर रचलेले, खालून बघितलं की आपल्या हातांवर, कपड्यांवर लाल-पिवळे डाग पडतात. आईची पांढरी साडी पाच मिनिटांसाठी बांधणीची झाली. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये रंगीत काचांतून ऊन आत येतं, तशी ती जागा आहे, फक्त इथे चित्र नाही, नुसता रंग.

आईला सगळ्यात आवडलं ते 'मिले फिओरी'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ हजार फुलं. एका लांबच लांब काळ्या चौथऱ्यावर काचेची आख्खी बाग उभी आहे. पानं, देठ, कळ्या, सापासारखी वळलेली गवतं. चिहुलीच्या आईची घरामागची बाग त्याच्या डोक्यात होती, असं तो सांगत आलाय. तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ नौदलाच्या विमान प्रशिक्षणात अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. आई आणि तो दोघंच उरले. हे मी वाचून आईला सांगितलं तेव्हा ती तिथे जरा जास्त वेळ थांबली. मग म्हणाली, "एक बरंय, याला पाणी घालायला नको."

शेजारच्या दालनात दोन जुन्या होड्या आहेत. एक फुलांनी भरलेली, दुसरी मोठमोठ्या काचेच्या गोळ्यांनी. गंमत अशी झाली की १९९५ साली चिहुली फिनलंडमधल्या नुताजार्वी गावी काम करत होता, तिथे त्याने काचेच्या वस्तू नदीत सोडून दिल्या, आणि गावातली मुलं होड्या घेऊन त्या गोळा करू लागली. त्या भरलेल्या होड्या बघून त्याला हे सुचलं. लहानपणी जपानी कोळ्यांच्या जाळ्यांचे काचेचे गोळे समुद्रातून वाहत अमेरिकेच्या या किनाऱ्याला लागायचे, तेही त्याच्या मनात होतेच.

आणि बाबा? बाबा सगळीकडे दोन पावलं मागे. खाली वाकून बघायचे, जोड कुठे दिली आहे ते शोधायचे. एकदा म्हणाले, "हा लाल बघ. निळा सोपा, कोबाल्ट टाकला की झाला. हिरवा तर लोखंडाने आपोआप येतो. लाल सगळ्यात नाठाळ. भट्टीतून काढला तेव्हा धड रंगच दिसत नाही, पुन्हा तापवला की चढतो. जास्त तापला तर गेला." मग बऱ्याच वेळाने, "हे सगळं यानेच फुंकलंय?"

मी खरं ते सांगितलं. नाही. हे त्याच्या चमूने केलंय. १९६८ साली तो इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर शिकायला गेला होता, तिथे त्याने पाहिलं की काच एकट्याने होत नाही, एक मुख्य कारागीर आणि त्याच्या भोवती सहा-आठ जण लागतात. तीच पद्धत त्याने अमेरिकेत आणली. १९७१ साली सिॲटलच्या उत्तरेला पिलचक नावाची काचशाळा त्याने इतरांच्या मदतीने काढली. पण गेली कित्येक वर्षं तो स्वतः फुंकणी धरत नाही. कागदावर रंगांचे फटकारे मारून चित्र काढतो, शेजारी उभा राहून सांगतो, आणि बाकीचे करतात.

बाबांचा चेहरा उतरला. "मग नाव याचं कसं? फुंकणाऱ्यांची नावं कुठे आहेत?"

मला हा प्रश्न अवघड गेला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असंच असतं. चाळीस जण रात्री जागवतात आणि मंचावर एक जण बोलतो. मी असं काहीतरी म्हटलं, तर बाबा म्हणाले, "तुमचं वेगळं. तुमचा श्वास नाही जात त्यात."

आम्ही काचघरात आलो. लंडनचा क्रिस्टल पॅलेस आणि पॅरिसचं सेंट शापेल हे चर्च चिहुलीच्या आवडीचं, त्यावरून ही इमारत सुचलेली. चाळीस फूट उंच, सगळ्या बाजूंनी काच आणि पोलाद, आणि वर छताला शंभर फूट लांबीची लाल-केशरी-पिवळ्या फुलांची माळ लटकलेली. मान वर केली की फुलांच्या फटींतून स्पेस नीडलचं डोकं दिसतं. सगळे जण इथे फोटो काढतात, आम्हीही काढले. बाबा फोटोत आहेत, पण वर बघत नाहीयेत.

बाहेर बागेत मात्र वातावरण सैल झालं. इथे खरी झाडं आणि खोटी झाडं एकमेकांत मिसळली आहेत. काळपट पानांचं बुटकं गवत आहे, त्यातून लाल काचेचे उभे बोरू वर आलेत. कॅमेलियाच्या झुडपांमागून काचेचे मनोरे डोकावतात. वाटेच्या वळणावर एक भला मोठा सूर्य, पिवळ्या-केशरी सापांची गुंडाळी व्हावी तसा. आई झाडांकडे बघत होती. काचेचा रंग आणि पानांचा रंग कुणीतरी विचार करून जुळवलाय, हे तिच्या लगेच लक्षात आलं. "कमाटीबागेत फुलांचं घड्याळ आहे ना, तिथला माळी असाच. घड्याळाचे काटे बाजूला, लोक त्याची फुलं बघायचे," ती म्हणाली. मला हे पटत नाही, लहानपणी मी तरी काटेच बघायचो.

आवारातच एक छोटी भट्टी आहे आणि तिथे काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक दाखवतात. भट्टीचा घरघराट कानावर आला आणि बाबा आमच्या पुढे गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच पुढे.

एक तिशीची मुलगी फुंकणीवर होती आणि एक मुलगा मदतीला. तिने नळी भट्टीत घालून फिरवली, टोकाला मधासारखा गोळा आला. मग लोखंडी पाटावर लोळवला, फुंकर मारली, पुन्हा तापवला. ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन तिने तो गोळा हाताने घडवला, वाफ आणि जळक्या कागदाचा वास आला. नळी एक क्षणही थांबत नव्हती, थांबली तर काच खाली लोंबते. बाबांचे दोन्ही हात, त्यांच्या नकळत, मांडीवर फिरत होते. नळी फिरवल्यासारखे.

मुलीने शेवटी विचारलं, कुणाला काही प्रश्न? बाबांनी हात वर केला. पाच महिन्यांत दुकानात "थँक्यू" सोडून इंग्रजीत न बोललेले बाबा. "अॅनिलिंग टेंपरेचर?" त्यांनी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, नऊशे. बाबा चपापले. माझ्या बायकोने पटकन हिशेब केला, बाबा, फॅरनहाइट, म्हणजे आपले चारशे ऐंशी. "हां," बाबा म्हणाले, "मग बरोबर." काच बनवून झाली की तिला गरम पेटीत ठेवून सावकाश निववावं लागतं, नाहीतर बाहेरून थंड, आतून गरम राहते आणि दुसऱ्या दिवशी आपोआप तडकते. हे बाबा नातीला सांगत होते आणि बाजूचे दोन अमेरिकन आजोबा मराठीतलं ते स्पष्टीकरण ऐकत मान डोलवत होते.

त्यांनी पुढचं प्रात्यक्षिकही उभ्याने बघितलं. आम्ही सूर्याच्या शिल्पासमोर बाकावर जाऊन बसलो. ते आले तेव्हा उजेड कमी होत होता आणि बागेतले दिवे लागायला सुरुवात झाली होती.

मी त्यांना अर्धवट सोडलेली गोष्ट पुरी केली. चिहुली स्वतः का फुंकत नाही ते. १९७६ साली इंग्लंडमध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला. तो समोरच्या काचेतून बाहेर फेकला गेला आणि त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. म्हणून तो काळी पट्टी लावतो. १९७९ साली समुद्राच्या लाटांवर खेळताना त्याचा खांदा निखळला, त्यानंतर त्याला जड फुंकणी पेलेना. आणि एका डोळ्याने अंतराचा अंदाजही येत नाही. म्हणून मुख्य कारागिराची जागा त्याने दुसऱ्याला दिली.

"काचेनेच गेला डोळा?" बाबांनी विचारलं. थोडा वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, "अंदाज येत नाही, हे खरंय."

बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशननंतरही तो पुरता सुधारला नाही, एवढं मला माहीत होतं. मला वाटायचं ते वयाने. त्या बाकावर कळलं की तो चाळिशीतच सुरू झाला होता. भट्टीच्या धगीसमोर वर्षानुवर्षं उभं राहिलं की डोळ्याचं भिंग गढूळ होतं, काचकामगारांचा हा जुनाच आजार. कारखान्यात निळे चष्मे मिळायचे. बाबा ते खिशात ठेवायचे, कारण निळ्या काचेतून गोळ्याचा रंग कळत नाही आणि रंगावरूनच ताप ओळखायचा असतो. "उस्ताद पण नाही लावायचे," म्हणाले.

"साच्याच्या तोंडात गोळा बरोबर मधोमध उतरायला हवा. मला साचा दिसायचा, पण किती लांब आहे ते कळेना. बोटभर चुकायचो. माझा साचेवाला जोडीदार होता ना, त्याच्या लक्षात आलं. तो बोलला नाही. चिमट्याने साच्यावर टक् करून वाजवायचा, त्या आवाजावर मी उतरवायचो. सात-आठ महिने असं काढलं. मग एकदा त्याच्या हाताला चटका बसला, माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, माझी छाती दुखते, फुंकणीवरून काढा. डोळ्याचं सांगितलं असतं तर घरीच बसवतील असं वाटलं."

"आणि त्यांनी सुपरवायझर केलं," मी म्हटलं.

"रंग ओळखायचा ना मी. भट्टी सांभाळायला ठेवलं."

माझ्या डोळ्यांसमोर ते पेढे आले. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मला माहीत होतं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"बशीत चहा ओतताना बाहेर सांडायचा तुमचा. रोज. मी बशी बदलून मोठी आणली, आठवतंय? म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

"मग पेढे कशाला वाटलेस?"

"पगार वाढला होता," आई म्हणाली.

यावर बाबा इतके हसले की लेक झोपाळून माझ्या मांडीवर पडली होती ती उठून बसली. मग तिला एक डोळा बंद करून दोन्ही हातांची बोटं समोरासमोर टेकवायचा खेळ बाबांनी शिकवला. ती चुकायची, आणि दोघं पुन्हा हसायचे.

तुमच्यापैकी कुणाचं सिॲटलला जाणं झालं तर एक सांगतो, संध्याकाळचं तिकीट काढा. उन्हात आत शिरा आणि अंधार पडल्यावर बाहेर या. तीच बाग दोनदा बघायला मिळते. दिवसा काच उजेड आत घेते, रात्री दिव्यांनी पेटल्यासारखी दिसते, आणि काचघराच्या छतातली फुलं तर निखाऱ्यासारखी. सावकाश बघायला तीन तास हाताशी ठेवा. लहान मुलांना भट्टीपाशी न्याच. मनोऱ्यावर त्याच दिवशी चढायचा मोह आवरा. आम्ही आवरला नाही, वर गेलो, आणि वरून ती एवढीशी बाग शोधण्यातच सगळा वेळ गेला.

मनोऱ्यावर जाण्याआधी बाबा पुन्हा काचघरात जाऊन आले, एकटे. या वेळी मान वर करून. बाहेर आल्यावर म्हणाले, "काम चांगलं आहे. नावं लिहायला हवी होती, पण काम चांगलं आहे." दुकानात त्यांनी एक छोटा वाडगा उचलला, उलटा केला, तळ बघितला, किंमत बघितली आणि तितक्याच काळजीने परत ठेवला.

रात्री घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून फोटो मागून घेतले आणि बडोद्याला त्या साचेवाल्या जोडीदाराला व्हॉट्सॲपवर पाठवले. ऑक्टोपस, छत, सूर्य, होड्या आणि भट्टीवरच्या त्या मुलीचा व्हिडिओ. तिकडे सकाळ झालेली. थोड्या वेळाने उत्तर आलं. बाकी कशावर एक अक्षर नाही, फक्त व्हिडिओखाली लिहिलं होतं, "पोरीचा हात चांगला आहे. पण साचा कोण धरतंय?"